साखरेने घासलेला फिल्टर

जुना म्हणा, डागाळलेला म्हणा, नळ गळका म्हणा, मला त्याचे काही वाटत नाही. मी मातीचा फिल्टर आहे आणि वीस वर्षे एका घराला पाणी पाजत आलो आहे. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि मित्रांनो, तो तुम्हाला आज ऐकून घ्यावा लागेल. गोड बोलायला मला कोणी शिकवले नाही.

माझा जन्म ब्राझीलच्या दक्षिणेकडे एका भट्टीवर झाला. लाल माती मळून एका बाईने चाकावर दोन भांडी काढली. एक वरचे, एक खालचे. वरच्याच्या तळाला भोक पाडले, खालच्याला नळासाठी भोक ठेवले, ओला हात एकदा अंगावरून फिरवला आणि ती पुढच्या गोळ्याकडे वळली. लाडबीड काही नाही. दिवसाला तिला असे चाळीस काढायचे असत. सावलीत वाळलो, आगीत भाजलो, मग वरच्या भांड्यात माझी कँडल बसवली. तुम्ही पाहिली असेल. पांढरी, आतून पोकळ, वर घुमटासारखी गोल. तिच्या अंगाला छिद्रे असतात, पण इतकी बारीक की पाणी झिरपते आणि घाण बाहेरच अडकते. वर गढूळ ओता, खाली थेंब थेंब निवळ पडते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. माझा सगळा जीव म्हणजे ती कँडल. बाकीचा मी नुसता माठ.

ट्रकमधून, गवतात गुंडाळलेला, मी पार उत्तरेला, देशाच्या कोरड्या कोपऱ्यात आलो. वस्तीचे नाव तीन उंबू. उंबूची झाडे खरोखर तीनच, घरे अठरा, आणि शेळ्या किती ते शेळ्यांनाही माहीत नसावे. तिथे वर्षातले आठ महिने आभाळ नुसते निळे असते. लोक त्या निळ्याला शिव्या देतात.

मी आलो त्याच वर्षी घरोघर टाक्या बांधल्या गेल्या. सिमेंटच्या, गोल, अर्ध्या जमिनीत पुरलेल्या, चुन्याने पांढऱ्या केलेल्या. छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून टाकीत. तेच पाणी वर्षभर प्यायचे. त्याआधी लोक तळ्यावर जात. ते तळे म्हणजे खड्डाच. त्यात गुरे उतरत, त्यात कपडे धुतले जात, आणि त्याच्याच कडेला बायका घागर बुडवत.

माझी मालकीण कितेरिया. तिने त्या तळ्याच्या पाण्यावर पाच मुले वाढवायला घेतली आणि एक वाढवले. चार गेली. मी आकडा सांगतो, कारण वस्तीत आकडा सांगायची रीत नव्हती. वर्षाच्या आतले बाळ गेले की ते देवदूत झाले म्हणायचे. निळ्या रंगाच्या छोट्या पेटीत फुले घालून न्यायचे. आईने रडायचे नाही, कारण आईच्या आसवांनी देवदूताचे पंख भिजतात आणि त्याला वर उडता येत नाही, म्हणे. चार वेळा कितेरिया रडली नाही. कोणी तिला विचारले नाही की बाई, ही मुले पीत काय होती. डॉक्टरने नाही, पाद्रीने नाही, तळ्याशेजारी सिमेंटचा चौथरा बांधून त्याच्यावर आपले नाव रंगवणाऱ्या साहेबांनीही नाही.

जे एक वाढले ते निवाल्दा. मी आलो तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मला ट्रकमधून उतरवताना तिने माझा नळ दोन्ही हातांनी धरला होता, पडेल म्हणून.

मित्रांनो, सुरुवातीची वर्षे माझी मोठ्या मानाची गेली. कितेरियाने मला स्वयंपाकघरात खिडकीशेजारी बसवले, खाली क्रोशाचे कापड, वर क्रोशाचे कापड. शेजारी संतांची तसबीर. पाहुणा आला की कॉफीच्या आधी माझे पाणी. देताना ती सांगायची, तळ्याचे नाही, टाकीचे आहे आणि फिल्टरमधून काढलेले आहे. पाहुणा पेला उजेडात धरून बघायचा आणि मान हलवायचा.

आणि दर शनिवारी माझी आंघोळ.

आता नीट ऐका. वरच्या भांड्यातून ती कँडल काढायची, ओल्या फडक्यावर मूठभर साखर घ्यायची आणि कँडल घासायची. खसाखसा. आधी पिवळट पाणी निघायचे, मग कँडल अशी पांढरी व्हायची की बघत राहावे. ही युक्ती तिला तिच्या आईकडून मिळालेली. साबण लावला तर वास राहतो, राखेने काळी पडते, साखर कशी गोड, निरुपद्रवी. अठरा घरांत टाक्या आल्या, फिल्टर आले, आणि अठरा घरांच्या बायका शिकायला कितेरियाकडे आल्या. तिने प्रत्येकीला अंगणात बसवून शिकवले. साखर अशी घ्यायची, अंगठा असा दाबायचा. वस्तीत कोणाची कँडल जास्त पांढरी यावरून टोमणे चालत. झुल्मिराची कँडल बघितलीस का, तिच्या नवऱ्याच्या दातांसारखी पिवळी आहे.

साखरेचा दाणा तुम्हाला गोड लागतो. मला तो खडा असतो. दर शनिवारी माझ्या कँडलच्या अंगाचा एक पापुद्रा निघून जायचा. कँडल वर्षाला बदलायची असते. जुनी झाली की ती काळवंडते, लोकांना कळते आणि ते बदलतात. माझी काळवंडतच नव्हती. पांढरी तर आहे, मग बदलायची कशाला? पूर्वी कितेरिया बदलायची. शेवटची कँडल मात्र चार वर्षे चालली. दोनशे शनिवार. तिचा अंगठा ज्या जागी टेकायचा तिथे एक खळगा पडला, आणि एके दिवशी त्या खळग्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले.

मला कळले. पाणी माझ्यातून पूर्वी झिरपायचे, ते आता धावायला लागले. मी ओरडलो असतो. माठाला तोंड असते, जीभ नसते.

कितेरिया म्हणाली, बघा, साखरेचा गुण. कसा भराभर भरतोय.

निवाल्दा एव्हाना वस्तीची आरोग्यसेविका झाली होती. सायकलवरून घरोघर जायची, पोरांची वजने करायची, पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांच्या बाटल्या वाटायची. तिचे नियम तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहेत की मला पाठ आहेत. पहिला पाऊस पडेल तेव्हा टाकीचा पाइप काढून ठेवा, छप्पर धुऊन जाऊ दे. टाकीचे झाकण बंद ठेवा. फिल्टरमधून काढलेल्या पाण्यात लिटरला दोन थेंब घाला. अर्धा तास थांबा. मग प्या. आठ महिने वाट बघून आलेला पहिला पाऊस जमिनीवर सोडून द्यायचा म्हणजे लोकांच्या जिवावर यायचे. पण ती छपराखाली उभी राहून पाइप काढायला लावायची. बाया तिला थेंबवाली म्हणत. काहीजणी प्रेमाने, बाकीच्या नाही.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र थेंब नव्हते. मी लपवणार नाही, इथे ती चुकली. पहिल्यांदा तिने पाण्याच्या जगमध्ये थेंब घातले तेव्हा कितेरियाने घोट घेतला आणि दारातून बाहेर थुंकला.

"धुण्याचं पाणी आहे हे. माझ्या नातीला मी चादर समजू का?"

निवाल्दाने समजावले. जंतू असतात, दिसत नाहीत, फिल्टरमधूनही थोडे सुटतात.

"देवाने वरून पाठवलेल्या पाण्याला तू औषध देणार. देव आजारी आहे का गं?"

निवाल्दाचा नवरा आर्लिंदो हसला आणि कॉफी त्याच्या नाकात गेली. निवाल्दाही हसली. हसली आणि हरली. आई दिवसभर घर सांभाळते, पोर सांभाळते, तिच्याशी रोज कशाला भांडायचे? जाऊ दे, फिल्टर तरी आहे, असे ती म्हणाली. त्या 'तरी'वर तिच्या मुलीचा जीव टांगला गेला. आणि तो 'तरी' म्हणजे मी. भोक पडलेला.

मुलीचे नाव जांदिरा. साडेतीन वर्षांची, बडबडी, सगळ्या शेळ्यांना नावे देणारी. जूनमध्ये तिला जुलाब लागले. आठवड्यात बरी झाली. जुलैमध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा, आणि या खेपेला ती बोलायची थांबली. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. आर्लिंदोने तिला मोटारसायकलवर पुढे आणि निवाल्दाला मागे घेतले आणि तालुक्याचे रुग्णालय गाठले. तीन दिवस सलाईन. तिथल्या नर्सने निवाल्दाला ओळखले आणि विचारले, तूच ना ती, लोकांना पाणी कसं प्यायचं ते शिकवणारी? वाईट हेतूने नाही विचारले. त्यानेच जास्त लागले.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरगी अशक्त झालीय. चौथ्यांदा असं झालं तर मी काही वचन देऊ शकत नाही. औषध मी दिलंय. कारण तुमच्या घरात आहे, ते तुम्ही शोधा."

निवाल्दा घरी आली ती रडत नव्हती. दात आवळलेले होते. दुसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे आईसमोर उभी राहिली, "आशीर्वाद दे, आई," म्हणाली. "देव तुझं भलं करो," असे उत्तर घेतले आणि शिडी लावून छपरावर चढली.

दोन दिवस ती शोधत होती. कौल न् कौल पाहिले. पन्हळीत हात घालून पाने काढली. पाइपाच्या तोंडाची जाळी धुतली. टाकीचे झाकण उचलून आरशाने आत ऊन पाडले आणि तळ पाहिला. हातपंप खोलला. बादली फेकून दिली, नवी आणली. छपरावर पारव्यांची शिट होती, ती खरवडली. पण मित्रांनो, छपरावर पारवे बसणारच. पाली फिरणारच. वारा शेळ्यांच्या गोठ्याची धूळ आणणारच. आभाळातून निघताना पाणी स्वच्छ असते, छपराला शिवले की नसते. म्हणून तर मी ठेवलेलो.

शेवटी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी मनात म्हणालो, बघ. आत बघ.

"त्याच्याकडे काय बघतेस?" कितेरिया चुलीपाशी मक्याचे पीठ वाफवत होती. "शनिवारीच घासलाय. चर्चमधला चांदीचा पेला मळेल, पण हा मळायचा नाही."

निवाल्दाने झाकण उघडले, पांढरीशुभ्र कँडल पाहिली आणि झाकण लावले. त्या क्षणी मला माझ्या पांढरेपणाची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

मग घडले ते असे. त्या रस्त्यांवर काट्यांची कमी नाही, आठवड्यातून एकदा तरी आर्लिंदोच्या मोटारसायकलचे चाक बसतेच. त्या दुपारी तो अंगणात परात घेऊन बसला, त्यात पाणी, पाण्यात हवा भरलेली ट्यूब, आणि ट्यूब फिरवत फिरवत पंक्चर शोधत होता. डोळ्यांना ट्यूब धडधाकट दिसत होती. पाण्यात मात्र एका जागी बारीक बुडबुडे निघाले. बुड, बुड, बुड. जांदिरा दारात चादरीत गुंडाळून बसली होती. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली. निवाल्दा तिच्याकडे बघत होती, मग परातीकडे बघायला लागली. आणि बघतच राहिली.

ती आत आली, कँडल खालचा नट काढून मोकळी केली, भिजतच होती ती, अंगणात नेली, परातीत बुडवली आणि तिच्या बुडाच्या नळीला तोंड लावून फुंकले.

चांगल्या ओल्या कँडलमधून तोंडाच्या फुंकरीने हवा सुटत नाही. छिद्रांत पाणी घट्ट बसलेले असते. माझ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. एकाच जागेतून, सरळ वर.

आर्लिंदो म्हणाला, "पंक्चर आहे की हे."

कितेरिया हात पुसत बाहेर आली. निवाल्दाने कँडल उजेडात धरून तिला तो खळगा दाखवला, मग आईचा उजवा अंगठा धरून त्या खळग्यात ठेवला. अंगठा बरोबर बसला. जसा ठसा.

"साखर, आई. दर शनिवारी तू तिला झिजवलीस."

मला वाटले म्हातारी आता भांडेल. ती भांडणारीच होती. नवऱ्याशी भांडली, पाद्रीशी भांडली, एकदा टँकरवाल्याच्या अंगावर काठी घेऊन धावली. पण ती तिथेच अंगणातल्या दगडावर बसली. अंगठ्याकडे बघू लागली. मग तिने जे विचारले ते नातीच्या आजाराबद्दल नव्हते.

"ती चौघंजणं," ती म्हणाली. "तुझे भाऊ, बहिणी. तेव्हा तर फिल्टरही नव्हता. तळ्याचं पाणी मी फडक्यातून गाळून पाजायचे. देवाने नेली ना ती? की पाण्याने?"

आर्लिंदोने ट्यूब हातातून खाली ठेवली. निवाल्दा खोटे बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता. ती आईसमोर उकिडवी बसली.

"मी तेव्हा तिथे नव्हते, आई. खात्रीने कोण सांगणार? पण तू विचारतेस म्हणून सांगते. पाण्याने. बहुतेक पाण्यानेच."

कितेरिया रडली. चाळीस वर्षांचे एकदम रडली. कोणी तिला पंखांचे काही सांगितले नाही.

माझा राग इथे आहे, मित्रांनो. त्या बाईचा मला राग नाही. तिने मला झिजवले ते माझ्यावर प्रेम करून. राग त्यांचा आहे ज्यांनी अठरा घरांत फिल्टर वाटले, फोटो काढले आणि तो कसा धुवायचा ते सांगायला एक माणूस ठेवला नाही. मऊ फडके, साधे पाणी. दोन शब्द. ते कोणी बोलले नाही म्हणून बायकांनी आपल्या डोक्याने उपाय शोधला, आणि उपाय चुकला की त्यांनाच अडाणी म्हणायचे.

दुसऱ्या सकाळी निवाल्दा आशीर्वाद मागायला आली तेव्हा कितेरिया आधीच बूट घालून बसली होती. "देव भलं करो. लिटरला किती थेंब म्हणालीस?"

"दोन."

"आणि ती परात दे इकडे."

पुढचे मी पाहिले नाही, पण स्वयंपाकघरात बसणाऱ्याला सगळे ऐकू येते. मायलेकी घरोघर गेल्या. म्हातारी परात घेऊन पुढे. प्रत्येक घरी कँडल काढायला लावायची, बुडवायची, गाल फुगवून फुंकायची. सोळा घरांत अकरा कँडल गळक्या निघाल्या. जी जितकी पांढरी तिची तितकी मोठी माळ. बायका आधी हसत, कितेरिया आता बँडमधला ट्रॉम्बोन वाजवायला शिकतेय म्हणत. बुडबुडे दिसले की आपापल्या पोरांकडे बघत. कितेरिया प्रत्येक घरी एकच वाक्य बोलायची, साखर मी शिकवली होती, ती चूक होती. प्रत्येक घरी. पहिल्या घरी आवाज कापला, म्हणे. सोळाव्या घरी नाही.

सतरावे घर झुल्मिराचे. तिने दार उघडलेच नाही. खिडकीतून म्हणाली की पंधरा वर्षे पिवळ्या कँडलवरून माझी चेष्टा केलीत, तुमच्या नादाने मी ती पांढरी केली, आता म्हणता पांढरी वाईट. चालू लागा.

गळक्या कँडल पोत्यात घालून दोघी तालुक्याला गेल्या. आरोग्य कचेरीत टेबलामागे एक तरुण साहेब होता. तो सभ्य होता. तो म्हणाला की नव्या कँडल आल्यात, थेंबांच्या बाटल्यांची खोकीही आलीत, मागच्या खोलीत आहेत, पण सही करणारे बाहेर गेलेत, पुढच्या महिन्यात या. कितेरियाने त्याच्याकडे पेलाभर पाणी मागितले. त्याने तत्परतेने दिले. तिने पोत्यातली एक कँडल त्याच्या पेल्यात बुडवली, फुंकली, बुडबुडे दाखवले आणि पेला त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या, प्या."

तो पेल्याकडे बघत राहिला.

"नाही पीत ना? आमची पोरं पितात. सही करणारा कुठे जेवतो तेवढं सांग, बाळा. आम्ही तिथे जातो. अजून दहा कँडल आहेत, त्याच्या टेबलावर पेले असतीलच."

तिसऱ्या प्रहरी खोकी बाहेर आली. बघा, एवढेच होते. एक सही जेवायला गेली होती आणि बारा घरांत लेकरे नळ उघडून घाण पीत होती. तो तरुण खोकी उचलायला स्वतः आला, आणि पोत्यातली एक जुनी कँडल त्याने मागून ठेवून घेतली. का, ते त्याने सांगितले नाही.

नवी कँडल माझ्यात बसली. थेंब पुन्हा थेंबासारखे पडायला लागले. मला बरे वाटले, पण कितेरियाला बसवेना. एक कँडल उरली होती. ती फडक्यात गुंडाळून ती पुन्हा झुल्मिराच्या दारात गेली, या वेळी परात न घेता. निवाल्दा दोन पावले मागे होती. तिने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला.

झुल्मिरा दारात आडवी उभी राहिली. "साखर तूच शिकवलीस, कितेरियाबाई. आज म्हणतेस चूक. उद्या थेंबही चूक म्हणशील. मी किती वेळा तुझं ऐकायचं?"

"मीच शिकवली," कितेरिया म्हणाली. "म्हणून मीच आलेय. माझ्यावर राग धर, मी मरेपर्यंत धर. पण तुझ्या झोळीत सहा महिन्यांचा नातू आहे, त्याचं माझं काही भांडण झालेलं नाही."

झुल्मिराने वळून झोळीकडे पाहिले. मग म्हणाली, "उन्हात उभी राहून बोलू नकोस. आत ये." आणि आत नेल्यावर, कँडल काढता काढता, "पण माझ्या नवऱ्याच्या दातांबद्दल तू जे म्हणालीस ते मी विसरणार नाही." कितेरिया म्हणाली, ते मात्र खरं होतं. दोघी हसल्या, आणि कँडल फुटली. फुटू दे, जुनीच होती.

आता तुम्हाला शेवटचे सांगतो. तो नोव्हेंबरमधला एक दिवस होता, भर दुपार. ऊन असे की शेळ्याही उंबूखालून हलत नव्हत्या. निवाल्दाने त्या सकाळी वस्तीच्या सगळ्या पोरांची वजने केली होती. फांदीला काटा टांगून, पोरांना कापडी चड्डीत अडकवून. तीन महिन्यांत जांदिराला चौथ्यांदा जुलाब लागले नव्हते, आणि काट्यावर ती दीड किलोने जास्त भरली होती. ती आर्लिंदोच्या खांद्यावर बसून घरी आली ती तहानेने रडतच. पाणी, आजी, पाणी.

कितेरियाने माझ्यातून काढलेल्या पाण्याचा जग टेबलावर झाकून ठेवला होता. थेंब घातलेले, पण अर्धा तास अजून भरलेला नव्हता. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"अजून बारा मिनिटं," ती म्हणाली.

पोर हात पसरून रडायला लागली. त्या मुलखात तहानलेल्याला पाणी नाही म्हणणे म्हणजे पाप. वैऱ्यालाही कोणी म्हणत नाही. कितेरियाने जन्मात कोणाला म्हटले नव्हते. आर्लिंदो कुरकुरला, दे ना आई, एक घोट, काय होतंय. तिने जगच्या झाकणावर आपला सुरकुतलेला हात ठेवला आणि तो उचलला नाही. दुसऱ्या हाताने तिने नातीला मांडीवर ओढले, ओल्या फडक्याने तिचे ओठ, कपाळ, मान पुसली आणि शेळ्यांची नावे विचारायला लागली. पोर हुंदके देत सांगत होती. म्हातारी ऐकत होती, घड्याळ बघत होती.

मित्रांनो, मी मातीचा आहे, उद्या फुटेन. माझ्या जागी स्टीलचा येईल, प्लास्टिकचा येईल. जो येईल त्याला चमकवू नका, त्याला तपासा. कँडल मऊ फडक्याने, नुसत्या पाण्याने पुसा, आणि पांढरी दिसते म्हणून ठेवू नका, वर्ष झाले की बदला. पहिला पाऊस जाऊ द्या, जिवावर आले तरी जाऊ द्या. थेंब मोजून घाला. आणि कोणी सही जेवायला गेली म्हणाले तर तिथेच बसून राहा, ती जेवून परत येईपर्यंत. तुमच्याकडे मी हात जोडले असते. हात नाहीत, म्हणून सरळ सांगतो आहे.

"सहा मिनिटं," कितेरिया म्हणाली. जांदिरा आता रडायची थांबली होती आणि आजीबरोबर घड्याळाच्या काट्याकडे बघत होती, जणू तिलाच तो पुढे ढकलायचा आहे.